वाटेचा लोटा

१

आमच्या घरी कोणी गावाले निघालं की पयले लोटा भरते. निघणाऱ्यानंच भरायचा, आपल्या हातानं, हातपंपाचं ताजं पाणी. कोपऱ्यात चिमूटभर तांदूळ टाकायचे, त्यावर लोटा ठेवायचा, वरून ताटली झाकायची. माणूस पोहोचल्याचा निरोप आला की घरच्यांनी ते पाणी तुळशीत ओतायचं. वाटेचा लोटा म्हणतो आम्ही त्याले. पयले निरोप याले आठ-आठ दिवस लागत, आता फोन येते. रीत तीच आहे.

सासूनं आणखी एक सांगितलतं. लोटा भरला अन् जाणं मोडलं, तर ज्याचं जाणं मोडलं त्यानंच ते पाणी प्यायचं. उंबऱ्यात उभं राहून, सगळं, थेंबभरही मागं ठेवायचं नाही. मी नवी सून होती. विचारलं, "अन् नाही पिलं तर?"

सासू तांदूळ निवडत होती. वर न पाहता म्हणे, "काहून नाही पिणार? पाणीच तर आहे."

पुढं तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पन्नास वर्षं झाली.

दुलीचंद, माहा मालक, दोन साल आधी गेला. किरनापुरात त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानामागं आमच्या दोन खोल्या, आंगण, हातपंप. त्याच्यामागं मी एकटी राहत होती, अन् बरी राहत होती. गेल्या दिवाळीच्या आधी हातपंपापाशी पाय घसरला, कमरेनं आठ दिवस उठू दिलं नाही. मंग दोन्ही लेकरांचं एकच सुरू झालं. आता एकटं राहायचं नाही.

चंद्रशेखर मोठा. तो तिकडं कोकणात, समुद्राच्या काठी, मासळीच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात मशीन सांभाळते. बायको चार साल आधी तापात गेली, लेकरू नाही. दीप्ती लहान. ती बिरस्याले, डोंगरात, हिंदी शाळेत मास्तरीण आहे. नवरा गजेंद्र, पोरगी श्रुतिका. माहं माहेरही त्याच बाजूचं, उंच सरईच्या झाडांच्या जंगलातलं.

"माय, तू इकडं ये," चंद्रशेखर म्हणे. "दारातून समुद्र दिसते. पाहत बसलं तर दिवस कसा जाते समजत नाही."

"समुद्रापाशी तुले कोण ओळखते माय?" दीप्ती म्हणे. "खारी हवा, मासळीचा वास. इथं डोंगर आहे, तुझी बोली आहे, नात आहे."

दोघांचंही खरं होतं. पण एक दिवस चंद्रशेखर म्हणाला, "कारखान्यातून येतो तर मीच कुलूप उघडतो, मीच दिवा लावतो. तू असली तर दार उघडं दिसंल." हे त्यानं मागितलं नाही, नुसतं सांगितलं. मी म्हटलं, येते बाबा. लाव तिकीट.

२

गाडी गोंदियावरून होती. हेमराजचा ऑटो चार वाजता येणार होता. सकाळीच मी लोटा भरला, देवाच्या कोपऱ्यात ठेवला, ताटली झाकली. थैलीत पोपटी काठाचं लुगडं ठेवलं, ते मी कुठं नेसत नव्हती, समुद्रासाठी काढलं. तिळाच्या वड्या, भाजीच्या वाळल्या वड्यांची पिशवी, दुलीचंदचा छोटा फोटो.

दहा वाजता दीप्ती, गजेंद्र अन् श्रुतिका जीप घेऊन मले पोहोचवाले आले. पोहोचवाले आले अन् रडाले लागले. श्रुतिका तेरा सालची घोडी, गळ्यात पडली. "वहाँ किसको कहानी सुनाओगी नानी? मछली को?"

गजेंद्र हसला. "मासे ऐकतील, पण हौ कोण म्हणंल?"

मीही हसली, अन् हसता हसता माहं मन फिरलं. खरं सांगते, मी समुद्र कधी पाह्यला नव्हता. दोन दिवसांची वाट, परकी बोली, दिवसभर घरात एकटी. पोराच्या दुःखाची मले भीती वाटली. त्याच्या घरात बायको नसल्याचं जे सुनेपण आहे, त्यात जाऊन बसाले मी भ्याली. डोंगर माह्या ओळखीचा होता.

बारा वाजता मी चंद्रशेखरले फोन लावला. मले अक्षर येत नाही, पण फोनात लेकरांचे फोटो आहेत, फोटोवर बोट ठेवलं की लागते. म्हटलं, "डॉक्टरनं मना केलं रे. कमरेले रेलचे धक्के चालत नाही म्हणे."

कोणत्या डॉक्टरनं, कधी, त्यानं विचारलं नाही. मागं मशीनचा आवाज येत होता. मंग म्हणाला, "ठीक आहे माय. आराम कर."

दीप्तीसोबत बिरस्याले निघता निघता मी लोटा उचलला. विसरली असं मी पुढं सगळ्यांले सांगितलं. विसरली नव्हती. उंबऱ्यात उभी राह्यली, लोटा ओठाले लावला. पाणी थंड होतं. अन् मनात आलं, हे पिलं म्हणजे पोराकडं जायाचं कायमचं मिटलं. राहू दे. उन्हाळ्यात जाईन. मी लोटा परत तांदळावर ठेवला, ताटली झाकली, दाराले कुलूप लावलं. थैली पलंगावर तशीच राह्यली, दीप्ती म्हणे तिकडं तुझी लुगडी आहेत.

हेमराजले ऑटो नको म्हणून सांगायचं राह्यलं. ते मात्र खरंच विसरली.

३

बिरस्याचं घर उतारावर आहे. माह्या खोलीच्या खिडकीतून सरईची झाडं अशी दिसतात की हात लावावा. सकाळी मी आंगण झाडायची, श्रुतिकाची वेणी घालायची, दुपारी दीप्ती शाळेतून येईपर्यंत भाजी टाकून ठेवायची. भाजी झाली की पळी गंजाच्या, भाजीच्या पातेल्याच्या, काठावर दोनदा ठोकायची माही सवय आहे. टण, टण. दुलीचंद दुकानात त्या आवाजानं हात धुवायचा. श्रुतिका म्हणे, "नानी की घंटी."

दोन दिवस चंद्रशेखरचा फोन आला नाही. रुसला असंल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मीच लावला. आवाज एकदम मोकळा. जेवलास काय विचारलं तर म्हणे, "बसूनच राह्यलो. गरम गरम आहे."

"कोणं केलं?"

उत्तर याच्या आधी मले मागून आवाज आला. टण, टण.

माह्याच हातात पळी आहे काय म्हणून हात पाह्यला. हात रिकामा होता, मी खाटेवर बसलती.

"हौ, आलो माय," चंद्रशेखर म्हणाला, अन् फोन ठेवला.

मले वाटलं स्वयंपाकाले बाई लावली असंल. गंजावर पळी ठोकणारी मी एकटीच थोडी आहे. अन् "आलो माय" मलेच म्हटलं असंल, घाईत. मी असंच धरलं. बाईनं पळी ठोकली, पोरगा घाईत बोलला. दोन्ही गोष्टी साध्या आहेत. दोन साध्या गोष्टी शेजारी ठेवल्या तर काहून साध्या राहू नये?

४

पौष गेला, माघ गेला. फोन मीच लावत होती. त्याची तब्येत सुधारली हे आवाजावरून समजायचं. दिवा कोण लावते हे तो आता सांगत नव्हता. पण काहीतरी सरकून राह्यलं होतं, अन् ते काय आहे हे मले एक दिवस पळस फुललेला पाहताना उमजलं. तो मले तू म्हणत नव्हता.

"बोला," म्हणे. "तुम्ही कशा आहात? थंडी कमी झाली काय तिकडं?"

माह्या पोरानं मले जन्मात तुम्ही म्हटलं नाही. आमच्यात माय म्हणजे तूच. मी एक एक फोन आठवला. त्या बारा वाजताच्या फोननंतर त्यानं मले एकदाही माय म्हटलं नव्हतं. माय शब्द यायचा, पण तो बोलताना त्याचं तोंड फोनापासून दूर असायचं.

फागुनात एकदा म्हणाला, "बोला मावशी."

"मावशी कोण?" मी म्हटलं.

"तुम्हीच ना, दीप्तीच्या घरून. तिच्या सासूबाई काय?"

"तिची सासू मेली, बारा वर्षं झाली! चंदू, मी बोलते."

"हौ हौ," तो समजूत घातल्यावानी म्हणाला. "आवाज ओळखीचा वाटते."

दीप्तीले सांगितलं. तिनं स्वतः फोन केला, बोलली, हसली, फोन ठेवून माह्याजवळ बसली. "दादा बरा आहे माय. मले म्हणे, माय इथं मजेत आहे, तू काळजी करू नको. एकटं राहून राहून माणूस असा मनात कोणाले तरी घरात बसवते. शाळेले सुट्टी लागली की आपण सगळे जाऊ. रागावू नको त्याच्यावर."

मी कशाले रागावू? त्याच्या मनातली माय त्याले जेवू घालत असंल तर घालू दे. त्या दिवशी मी अशीच मनाले समजावत भाजी केली. अन् पळी ठोकाले माहा हात उचलला नाही.

५

चैत सुरू झाला तेव्हा श्रुतिकानं एक दिवस दुपारी फोन माह्यापुढं धरला. "नानी, मामा को वीडियो लगाया। समुंदर दिखा रहे हैं।"

मी पयल्यांदा समुद्र पाह्यला तो असा, हाताएवढ्या काचेत. पांढरं ऊन, पिवळी वाळू, अन् पाणी म्हणजे नुसतं हलणारं. चंद्रशेखर काळा पडलता, पण गालावर मांस आलतं. किती दिवसांनी हसताना दिसला. मले पाहून थोडा थबकला, कोणाले तरी ओळखायचा प्रयत्न करावा तसा. मंग हात जोडले. "नमस्कार मावशी."

"मामा, ये तो..." श्रुतिका बोलाले गेली. मी तिचा हात दाबला.

"एकटाच आहेस?" मी विचारलं.

"नाही हो, माय आहे ना. ते पाहा."

फोन फिरला. काठापाशी पाण्यात एक बाई बसलती, आमच्याकडं पाठ करून. लाट आली की तिच्या कमरेपर्यंत पाणी यायचं अन् ओसरायचं. ती हलत नव्हती. केसांचा अंबाडा काळ्या चिंधीनं बांधलता. अशी चिंधी मी दुलीचंदच्या जुन्या छत्रीची फाडून ठेवते. लुगड्याचा पदर पाण्यावर पसरलता. पोपटी काठ.

"पयले नुसते पाय भिजवायची," चंद्रशेखर सांगत होता, लेकराचं कौतुक सांगावं तसं. "मंग गुडघ्यापर्यंत. आता कमरेपर्यंत जाते. मले रोज म्हणते, तूही चाल, मी आहे ना, काही होत नाही. मले पोहता येत नाही मावशी, लहानपणापासून पाण्याची भीती. पण तिनं हात धरला की बरं वाटते. काल गुडघ्यापर्यंत गेलो."

बाईची मान थोडी वळली. गाल दिसेल न दिसेल एवढी. श्रुतिकाच्या हातून फोन खाली पडला, का तिनं टाकला, मले सांगता येत नाही. ती मले पाहत होती. कधी मले, कधी फोनाले.

"नेटवर्क गया," ती म्हणाली. पोरगी खोटं बोलताना दीप्तीवानी ओठ चावते.

६

चंदू सहा सालचा असताना बाघ नदीत ओढल्या गेलता. मी केसाले धरून बाहेर काढला, अन् काठावर त्याले बदडलं. म्हटलं, पुन्हा पाण्यात पाय टाकला तर माहं मेलेलं तोंड पाहशील. त्यानं कधी टाकला नाही. त्याच्या बरोबरीची सगळी पोट्टी पोहणं शिकली, तो काठावर सगळ्यांचे कपडे सांभाळत बसायचा. त्याले पोहता येत नाही, ते मी येऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी किरनापुरले निघाली. दीप्तीले सांगितलं, घर पाहून येते, उंदरांनी धान्य खाल्लं असंल.

"परत कधी?"

"आजच. संध्याकाळच्या बसनं."

बैहरचा घाट उतरताना मनात हिशेब लावत होती. पाणी प्यायचं राह्यलं आहे ते पिऊन टाकायचं. पटत होतं असं नाही. पण दुसरं काही हातात नव्हतं.

चावी शेजारच्या विमलाबाईकडं होती. ती मले पाहून कपाळाले हात लावून उभी राह्यली.

"अगोबाई, रुख्माबाई! आल्या काय समुद्र पाहून? जाताना तोंडातून एक शब्द नाही काढला. मी आपली दारातून हात हलवून राह्यली, अन् तुम्ही पुढं पाहत बसल्या. एवढा काय बाई पोराच्या घराचा तोरा!"

"कधी?"

"कधी म्हणजे? निघाल्या तेव्हा. हेमराजच्या ऑटोत, चार वाजता. पोपटी काठाचं लुगडं नेसल्या होत्या. मी नूतनले म्हटलंही, पाह्य, पोराच्या घरी कसं नटून जातात, शिक जरा." नूतन तिची सून.

"मी दुपारीच जीपनं गेलती विमलाबाई. बिरस्याले."

"हौ, जीप मीही पाह्यली. तुम्ही लेकीले वाटेले लावून मागून निघाल्या ना?" मंग माह्या तोंडाकडं पाहून तिचा आवाज उतरला. "तब्येत बरी नाही वाटते. चहा ठेवू काय?"

मी चावी घेतली. चावी मधात कोणाले दिलती काय, हे विचारायची हिंमत झाली नाही. दुपारीच मी कुलूप लावून चावी तिच्या हातात दिलती. चार वाजता घरातून निघालेल्या बाईनं दार कसं उघडलं, हे विमलाबाईनं इतक्या महिन्यांत एकदाही मनात आणलं नव्हतं.

७

घर बंद राहून कोंदट व्हायले पाहिजे होतं. तसं नव्हतं. ओलं होतं. चैतातल्या भर दुपारी भिंतींना गारवा होता अन् वास येत होता तो मासळी बाजाराचा नाही, त्याच्याही आधीचा, उघड्या खाऱ्या वाऱ्याचा. पलंगावर थैली नव्हती. गादीवर थैलीची चौकोनी खूण होती, धूळ नसलेली.

लोटा जिथं ठेवलता तिथंच होता. तांदूळ काळे पडलते. लोट्याच्या बाहेरून पितळेवर पांढरी कड आलती. ताटली काढली. पाणी काठोकाठ. पाच महिन्यांत एक बोटही कमी नाही. तळाशी काहीतरी पिवळसर बारीक साचलं होतं. ते नदीच्या रेतीएवढं जाड नव्हतं.

इथं मी दुसरी चूक केली. संध्याकाळी निघायचं आहे म्हणून, हाताच्या सवयीनं, मी पयले बाहेर जाऊन दुसरा लोटा भरून आणला. परतीच्या वाटेचा. तांदळाची चिमूट टाकली, शेजारी ठेवला, झाकला. हे करताना मनात काहीच नव्हतं.

मंग जुना लोटा घेऊन उंबऱ्यात उभी राह्यली. फोन लावून, आवाज मोठा करून, चौकटीवर ठेवला. तो बरा आहे हे ऐकत ऐकत प्यावं म्हटलं.

"बोला मावशी."

मागं समुद्र होता. मोठा श्वास घेऊन सोडावा तसा आवाज.

"कुठं आहेस बाबा?"

"वाळूत बसलो. आज सुट्टी. माय पाण्यात बसली, मले बलावून राह्यली."

"तू जाऊ नको. बसून राह्य. माह्यासोबत बोल."

मी पयला घोट घेतला. खारट. मिठाच्या पाण्यावानी नाही. पयल्या बाळंतपणात ओठ दातानं फाटलता, त्याची चव होती. दुसरा घोट. तिसरा.

"माय उठली," चंद्रशेखर म्हणाला.

चौथा.

"माय? कुठं चालली? अवं तिकडं खोल आहे!"

पाचवा घोट गळ्याखाली उतरला अन् मले समजलं. एक घोट, एक पाऊल. मी तिले पिऊन टाकत होती, अन् ती समुद्रात चालून राह्यलती, अन् तो पाहत होता. त्याले तिथं त्याची माय बुडताना दिसत होती.

"थांब माय, मी येतो!"

फोन वाळूत पडला. धप्प झालं, मंग नुसता समुद्र. समुद्राच्या आत त्याचा आवाज, लहान होत जाणारा. माय. माय थांब.

"चंदू!" मी ओरडली. विमलाबाईच्या घरातून भांडं पडल्याचा आवाज आला. "चंदू, ती मी नाही रे! मी इथं आहे! आपल्या उंबऱ्यात आहे! तू पाण्यातून बाहेर नीघ!"

कोणी ऐकाले नव्हतं. लोट्यात अर्ध्याच्या वर पाणी होतं. सगळं पिलं तर ती जाईल अन् तो तिच्यामागं. माह्या तोंडात सहावा घोट भरून होता. गिळला नाही. लोट्यात परत सोडला. एक थेंब सांडू दिला नाही. लोटा तांदळावर ठेवला, ताटली झाकली, त्यावर दोन्ही हात ठेवून बसली.

किती वेळ गेला. आंगणात ऊन सरकलं.

मंग फोनातून कोणाची तरी दमलेली धाप आली. "मावशी... आहात काय?" तो रडत होता, हसतही होता. "आली. गळ्यापर्यंत गेलो मी, हात धरून आणली. थांबली एकदम. कशी जड झाली आहे... बोलत नाही, नुसती पाहून राह्यली."

"कोणाकडं?"

उत्तर याच्या आधी फोनापाशी, एकदम जवळ, कोणीतरी बोललं. आवाज माहा होता. आपला आवाज आपल्याले फोनात परका वाटते म्हणतात. मले वाटला नाही.

"कोण आहे रे?"

"कोणी नाही माय," चंद्रशेखर म्हणाला, अन् फोन बंद झाला.

८

त्याले आता आठ दिवस झाले. मी किरनापुरातच आहे.

लोटा अर्ध्याच्या वर आहे तसाच आहे. वाढत नाही, आटत नाही. पिता येत नाही, ओतता येत नाही. सांडला तर काय होईल हे मले माहीत आहे. बिरस्याले घेऊन जावं तर घाटाच्या वळणात बस अशी हलते की मांडीवरचं लेकरू सांभाळत नाही. विमलाबाईची मांजर आत येऊ नये म्हणून मी दार लावून घेते. लोटा भिंतीशी ठेवला, समोर पाट टाकून बसते. पोरगा जिवंत आहे. नूतनकडून कारखान्यात फोन लावून घेऊन विचारलं, कामावर येते म्हणाले. त्याची आई आणून सोडते म्हणाले दारापर्यंत, म्हातारी भल्ली जीव लावते.

दीप्तीचा फोन रोज यायचा. "माय, आज येतेस ना?"

"उद्या येते."

"उद्या उद्या करते अन् येत नाही. श्रुतिका जेवत नाही तुझ्याबिगर. काय आहे तिथं एवढं?"

"उद्या येते बाई."

पाचव्या दिवशी माहं लक्ष दुसऱ्या लोट्याकडं गेलं. परतीचा. जाणं मोडलं आहे तर प्यायले पाहिजे, हे मले समजते. आता तर मले सगळ्या दुनियेपेक्षा जास्त समजते. उचलला. उंबऱ्यात उभी राह्यली, ओठाले लावला. साधं पाणी होतं, हातपंपाचं. अन् मनात आलं, हे पिलं म्हणजे डोंगर मिटला. खिडकीतली सरई मिटली, पोरीची वेणी मिटली. आज नाही तर परवा काही रस्ता निघंल. राहू दे दोन दिवस.

मी तो परत ठेवला. हौ, परत ठेवला. काहून ते मले विचारू नका.

त्यानंतर दीप्तीचा फोन आला नाही. परवा नाही, काल नाही. आज दुपारी मी ताटली काढून पाह्यली. पाण्यावर मोहाचं फूल तरंगत होतं, ताजं, आत्ता पडल्यावानी. आमच्या आंगणात मोहाचं झाड नाही.

मी फोन घेतला, दीप्तीच्या फोटोवर बोट ठेवलं. श्रुतिकानं उचलला असंल, पण बोललं कोणी नाही, फोन तसाच कुठं तरी ठेवून दिला. खोलीतला आवाज येत होता. खिडकीबाहेरची पानं. मंग पोरीचं हसणं, पोटातून आलेलं, तिचंच.

"फिर क्या हुआ नानी?"

"मंग काय होते," माहा आवाज म्हणाला. गोष्ट सांगताना मी इथं थांबते, पोरगी जवळ सरकेपर्यंत. तेवढाच थांबला. "मंग ती म्हातारी दोन लोटे घेऊन बसली."

मी फोन बंद केला.

समुद्रापाशी मी आहे, डोंगरातही आहे. दोन्हीकडं दार उघडं दिसते, भाजी गरम भेटते, कोणाचं काही अडलं नाही. इथं दुपार मोठी आहे. हातपंप आंगणात आहे, दहा पावलांवर, पण तेवढा वेळ लोट्यांकडं पाठ कराले माहा जीव होत नाही. सकाळपासून काही पिली नाही. दोन्ही लोटे समोर आहेत, अन् मले तहान लागली आहे.